शीतपेटीतली माणसं

गेल्या तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लेकरांच्या पोळ्याला, सकाळी दहा वाजता, सावली गावाजवळच्या आमच्या गावातल्या लेकरांवर अन्याय झाला. गोवराची प्रतिकारशक्ती कोणात आहे हे तपासायला पथक आलं. लाकडी बैल बाजूला ठेवून लेकरांनी रक्त दिलं. निकाल वर गेला आणि वरच राहिला. कोणाचं लेकरू धोक्यात आहे हे आईलाच सांगायचं नाही, ही कुठली रीत?

तो निकाल शेवटी एकट्या माणसाने गावात आणला. पथकातला हा तंत्रज्ञ मला बसमध्ये नेहमी भेटतो. रक्ताच्या नळ्यांची शीतपेटी मांडीवर असते आणि कोणी रेललं की तो ओरडतो, "सरका ना भाऊ, आत माणसं बसून राह्यली!"

"मंग त्याईची तिकीट काढा ना," मी चिडवतो.

"लहान आहेत, माफ आहे."

मागच्या आठवड्यात सुटीच्या दिवशी तो यादी घेऊन दारोदार फिरला. एक बाई घाबरली, "माही पोरगी पॉझिटिव्ह तं नाई ना?"

"हाव, पॉझिटिव्ह! नाचा बाई, तिचं रक्त गोवराले ओळखते, दारातूनच हाकलते."

शेजारणीच्या पोरीचं रक्त ओळखत नव्हतं. शेजारीण रुसली, "माहीच पोरगी काऊन नापास?"

"नापास नाई, फेरपरीक्षा! बुधवारी लस." अख्खी आळी हसली, आणि बुधवारी ती पोरगी रांगेत पहिली होती.

तुमच्या गावात कोणी सुई घेऊन आलं, तर बाही वर करण्याआधी विचारा: निकाल सांगायला कधी येता? तारीख लिहून घ्या. आले नाहीत, तर त्यांच्या कचेरीत जाऊन बसा.