लाडवाचा आवाज

दातांच्या डॉक्टरने पहिल्याच दिवशी विचारलं, "काकू, नवे दात बसल्यावर सगळ्यात आधी काय खायचंय?" पेशंट म्हणे मटण सांगतात, कुणी ऊस सांगतं. मी म्हटलं, "तिळाचा लाडू. आईच्या हातचा." माझ्या मुलीच्या वयाची ती पोर, गोड हसली. आमच्या आईचा लाडू म्हणजे काय प्रकरण आहे, ते तिला कुठून माहीत असणार!

आम्ही मनमाडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलो. संक्रांतीच्या आदल्या दिवशी आई गुळाचा पाक करायची. पाकाचा थेंब पाण्यात टाकायचा, गार झाला की काढून ताटलीवर आपटायचा. टण् वाजला की पाक झाला. डोळ्यांपेक्षा तिचा कानांवर विश्वास. लाडू वळून झाले की पहिला देवापुढे आणि दुसरा माझ्या हातात. तो मी दाढेखाली फोडायचा आणि आईने भिंतीकडे तोंड करून ऐकायचं. कट्ट् असा आवाज आला की तिची मान हलायची आणि मग डबे शेजारी जायचे. आवाज आला नाही तर तो घाणा घरातच राहायचा. वडील ड्यूटीवरून आले की चपला काढायच्या आधी विचारायचे, "वाजला का?" आमच्या लाडवांवर शिक्का मारायचं काम माझ्याकडे, याचा मला केवढा तोरा होता! लग्न होऊन नाशिकला आले, शाळेत नोकरी धरली, तरी संक्रांतीचं मनमाड मी कधी चुकवलं नाही.

साठी उलटली आणि दाढा एकेक करून निघून गेल्या. दुखलं की लवंगेचं तेल लावायचं आणि वह्या तपासायला बसायचं, असा आयुष्यभर निष्काळजीपणा केला, त्याचं फळ. दोन्ही बाजूंच्या मिळून पाच गेल्या. कवळी करून पाहिली, पण ती माझ्या वर्गातल्या काही पोरांसारखी जागेवर बसायला तयार नव्हती. शेवटी तिला कपाटात ठेवून दिलं.

हे आईला सांगायचं माझ्या जिवावर आलं. वडील गेले होते, तिची नजर अधू झाली होती, समोर कोण आहे ते तिला आवाजावरून कळायचं. स्वयंपाकघर वहिनीकडे गेलं होतं. पाक तेवढा अजून आईच्या कानाने व्हायचा, आणि तो जमला की नाही हे वर्षातून एकदा माझ्या दाढेकडून कळायचं. तेवढंच तिचं राहिलं होतं, ते मी कसं काढून घेऊ? मग मी एक लबाडी केली. पदराआड अडकित्ता धरला, त्यात सुपारी. आईने लाडू दिला, तो पर्समध्ये टाकला आणि सुपारी फोडली. कट्ट्! आईची मान हलली. वहिनीने सगळं पाहिलं आणि ती बिचारी शेजाऱ्यांचे डबे भरायला लागली.

अशा तीन संक्रांती काढल्या. पर्समधला लाडू मी आमच्या सोसायटीच्या वॉचमनला द्यायचे. सुरगाण्याकडचा धट्टाकट्टा माणूस. तो दर वर्षी म्हणायचा, "बाई, लाडू लय मऊ हाय!" मला त्याचा रागच यायचा. बत्तिशी शाबूत असली की माणसाला दगडही मऊ लागतो, असं मनात म्हणून मी जिना चढायचे.

गेल्या संक्रांतीला निघताना आईने माझा हात धरला. "पुढच्या वर्षी मी असेन-नसेन," म्हणाली. नव्वदीला टेकलेल्या बाईला "असं काय बोलतेस" म्हणणं सोपं असतं, तेच मी म्हटलं. पण परतीच्या गाडीत मला माझीच लाज वाटली. शेवटचा लाडूही सुपारीचाच ठरला तर? नाशिकरोडला उतरेपर्यंत माझं ठरलं होतं.

उन्हाळ्यात नव्या, पक्क्या दातांसाठी जबड्याच्या हाडात स्क्रू बसले. एका जागी हाड झिजलेलं निघालं, तिथे भर घालावी लागली. "हाडाने स्क्रू घट्ट धरायला वेळ लागतो, काकू, घाई नको," डॉक्टर म्हणायची, आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचे. महिनोन्‌महिने मऊ खिचडी खाल्ली. दिवाळीत घरातल्यांच्या चकल्यांचा आवाज नुसता ऐकला. शेवटी संक्रांतीच्या तोंडावर त्या स्क्रूंवर दात बसले. "कडक काही एवढ्यात नको हं," तिने बजावलं. मी मान डोलावली. मान डोलावून काय करायचं असतं, ते मी पस्तीस वर्षं मुलांकडून शिकले आहे.

मनमाडला आईने नेहमीसारखा चाचपत लाडू माझ्या तळहातावर ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. या वेळी अडकित्ता नव्हता. मी डोळे मिटून दाढ दाबली. लाडू लोण्यासारखा विरघळला. आवाज काहीच आला नाही.

"आई, पाक चुकला का गं?"

"चुकला कसा? तुझा वेगळा केलाय. तुझ्या दाढा गेल्याचं मला बोलण्यावरूनच कळलं, तेव्हापासून चार वर्षं वेगळाच करते." ती भिंतीकडेच बघत होती. "सुपारी कातरण्यात माझा जन्म गेला. अडकित्ता मला कळत नाही होय?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू माझ्यासाठी एवढा खटाटोप करायचीस, कशी बोलू? म्हटलं, निदान खाईल तरी. मागच्या वर्षीच्या लाडवात वेलची जास्त झाली होती का?"

मला काय माहीत? तिन्ही वर्षांचे लाडू वॉचमनने खाल्ले होते. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले आणि सगळं सांगितलं. ती माझ्या केसांतून हात फिरवत राहिली.

मग मी उठले. शेजाऱ्यांसाठी भरलेल्या डब्यातला एक लाडू उचलला आणि डॉक्टरची मनात माफी मागून तो दाढेखाली धरला.

कट्ट्.

 आईची मान हलली.

"हा दाताचा," ती म्हणाली, आणि वहिनीला हाक मारून डबे शेजारी पाठवायला सांगितले.