वरच्या खोलीतली मोळी

खेमला राठोड गेल्याचं कार्ड मला नेरला मिळालं, तेव्हा त्याला जाऊन वीस दिवस झाले होते. तांड्यावरच्या मास्तरांनी ते घाटंजीच्या माझ्या जुन्या कचेरीवर टाकलेलं, तिथून ते रमतगमत माझ्यापर्यंत आलं. "खेमला वारले. तुमची आठवण काढत होते." एवढंच. कार्ड खिशात घालून मी दिवसभर नकाशे उघडत-मिटत बसलो. ज्याला सांगावं असं कचेरीत कोणी नव्हतं... घरी तर नव्हतंच.

छप्पन साली मोजणी कारकून म्हणून मी घाटंजीला आलो तोही असाच एकटा. रविवारी खोली खायला उठायची, म्हणून डबा घेऊन केळापूरच्या बाजूच्या डोंगरात भटकायचो. "सहा दिवस पगारी मोजतो, सातव्या दिवशी फुकट," असं कचेरीतले म्हणायचे. एकदा वर पावसानं गाठलं. दोन्ही बाजूंना सात-आठ मैल गाव नाही. माथ्यावर दगडाच्या चार भिंती आणि वर सागाच्या पानांचं छप्पर दिसलं, त्यात शिरलो. आत जाळ करून एक माणूस बसला होता. काही न विचारता त्यानं सरकून जागा दिली. तो खेमला. कपडे वाळले, पाऊस थांबला, मी निघालो.

"अन् लाकडं?" तो म्हणाला.

"कुठली लाकडं?"

"आत्ता जाळली ते. मागच्यानं तुमच्यासाठी ठेवली होती. तुमी पुढच्यासाठी ठेवा."

"मागच्याला माझं नावसुद्धा ठाऊक नसेल."

"मले तरी कुठं ठाऊक आहे?"

मग दोघांनी मिळून लाकडं गोळा केली. भिजकी होती, पण पुढचा येईस्तोवर वाळतात, म्हणाला. त्याचा आजा बैलांवर मीठ लादून याच वाटेनं जायचा. मुक्काम हलवताना मागून येणाऱ्या तांड्यासाठी सरपण ठेवायचं, ही त्यांची रीत. बैल गेले, मीठ गेलं, खेमला कपाशी पेरू लागला. पण पंधरवड्याला एक मोळी घेऊन तो डोंगर चढायचाच. बायको लवकर वारलेली, मूलबाळ नाही. गुराखी, लाकूडतोडे, वाट चुकलेले, माझ्यासारखे रिकामटेकडे, सगळ्यांना डोंगरात तेवढंच एक छप्पर होतं. लोक त्याला वरची खोली म्हणत.

पुढे अधूनमधून रविवारी आम्ही तिथंच भेटू लागलो. बोलणं फारसं नसायचंच. मी कचेरीतला माणूस, त्यामुळे सुधारणा सुचणारच. टिनाचं छप्पर घातलं, दार बसवलं, कंदील आणि दोन घोंगड्या नेऊन ठेवल्या. महिन्याभरात घोंगड्या गेल्या. माझं डोकं फिरलं. खेमलाला न विचारता मी दाराला कुलूप ठोकलं आणि सुवाच्य अक्षरात एक कागद चिकटवला: 'किल्ली घाटंजीस कचेरीत मिळेल.' डोंगरात अडकलेल्या माणसानं बारा मैल चालत किल्लीसाठी यावं, अशी ती माझी व्यवस्था... आणि तिच्यात काही चुकतंय हे मला पंधरा दिवस कळलं नाही.

माघात गारांचा पाऊस आला. त्या आठवड्याच्या बाजारात खेमला दिसला नाही, म्हणून मी तांड्यावर गेलो. तो तापानं फणफणलेला, खांदे काळेनिळे. गारा सुरू झाल्या तेव्हा तो मोळी घेऊन खोलीपाशीच पोचला होता. दुपारपासून दिवस बुडेपर्यंत तो बंद दाराला पाठ लावून बसला.

"तुझ्याजवळ कुऱ्हाड होती ना?" मी विचारलं. "एका घावात तुटलं असतं."

"तुमचं कुलूप होतं, बाबूजी. तुमी लावलं मंजे काही इचार करूनच लावलं असन." मग म्हणाला, "कागदावर काय लिवलं होतं?"

सांगायची लाज वाटली, पण सांगितलं. तो हसला, इतका हसला की खोकल्याची उबळ आली. "मी त्या कागदाखालीच बसून होतो," असं म्हणून पुन्हा हसला. मला मात्र तिथं बसवेना.

दुसऱ्या दिवशी कुलूप काढलं, कोयंडाही उपटला. त्याचा ताप उतरला, खोकला मात्र राहिला. त्या खोकल्यानंच तो गेला असं कोणी म्हणालेलं नाही. मी म्हणतो. माझी नेरला बदली झाल्यावर "येतो" म्हणून दोन वर्षं गेलो नाही, तेही त्यामुळेच असेल. तो खोकला ऐकवत नव्हता.

कार्ड आल्यानंतरच्या रविवारी वर गेलो. दार लोटलं. कोपऱ्यात मोळी होती, पळसाच्या मुळांच्या दोरानं बांधलेली, डावखुऱ्या खेमलाची उलटी गाठ. एवढं खोकत तो हे ओझं घेऊन चढला होता. मग वाटलं, ही मोळी नेरला न्यावी, खोलीत ठेवावी, कोणाला हात लावू देऊ नये. खांद्यावर घेऊन दारापर्यंत आलोही... आणि कोयंड्याच्या जागी राहिलेली भोकं दिसली. मी पुन्हा कुलूपच लावत होतो.

परत आत आलो. गाठ सोडली, जाळ केला, चहा ठेवला. समोरची जागा सवयीनं मोकळी सोडून बसलो. लाकडं खडखडीत वाळलेली होती, धूर नव्हता. डोळ्यांतल्या पाण्याला तेही निमित्त मिळालं नाही. शेवटचं लाकूड विझल्यावर बाहेर जाऊन तासभर सरपण गोळा केलं आणि त्याच्याच दोरानं बांधायला बसलो. गाठ दोनदा सुटली. तिसऱ्यांदा कशीबशी बसली. मोळी त्याच्या कोपऱ्यात ठेवली, दार नुसतं लोटलं आणि एकटाच उतरलो.

आता पंधरवड्याला जातो. नेरहून दोन बस बदलाव्या लागतात. मागच्या खेपेला कोपऱ्यात माझी मोळी नव्हती; कोणाच्या तरी वेगळ्याच गाठीची होती.