सोलोच्या जागेवरची नावं

आमच्या बँडला आम्ही रॉक बँड म्हणतो. यात्रा कमिट्यांच्या पत्रकावर मात्र 'भव्य ऑर्केस्ट्रा' असंच छापून येतं, आणि प्रत्येक गावात कुणीतरी स्टेजजवळ येऊन लावणी कधी आहे ते विचारतं. लावणी नाही म्हटल्यावर तो माणूस ड्रम्सकडे एकदा बघतो आणि पुढची खुर्ची सोडून मागं जाऊन बसतो. तरीही पुढच्या वर्षी त्याच गावातून फोन येतो. त्याला कारण आमचं वादन नाही. कारण एकच गाणं आहे, आणि त्यातही गाण्याचा तो भाग, ज्यात आम्ही जवळजवळ काहीच वाजवत नव्हतो.

मी वाजवणाऱ्यांपैकी नाही. कराडला एका दैनिकात बातमीदार आहे आणि कार्यक्रमाच्या दिवशी रजा टाकून साऊंडच्या टेबलावर बसतो. टेबल प्रेक्षकांच्या मागं असतं. तिथून स्टेज सरळ समोर दिसतं आणि लोकांच्या पाठी दिसतात.

बँडमध्ये तिघे उरले होते. गायकाचं कराडजवळच्या मलकापुरात खतं-औषधांचं दुकान आहे. त्याला सगळे दादा म्हणतात. ड्रमरची तिथंच ट्रकच्या बॉड्या बांधायची शेड आहे. तो सगळ्यांचा मामू. कीबोर्ड वाजवणारा उंब्रजजवळच्या हायस्कुलात गणित शिकवतो, म्हणून सर. चौथा होता गिटारवाला. माण तालुक्यातून कराडला कॉलेजला आलेला. बँड सुरू होऊन दोन यात्रा झाल्या असतील नसतील, तो मित्रांबरोबर सैन्यभरतीला गेला. मित्र परत आले, तो निवडला गेला.

ते गाणं घाटाचं. माल भरलेला ट्रक घाट चढतो, एवढाच विषय. दादानं स्वतः लिहिलेलं. मध्यावर गायक थांबतो आणि गिटार एकटीच वाजते. त्याला सोलो म्हणतात. गिटारवाला गेल्यावर त्या जागेचं काय करायचं, हा प्रश्न होता. कीबोर्डात गिटारचा आवाज काढायची सोय होती. सरांनी साफ नकार दिला.

"प्लास्टिकच्या आंब्याचा रस काढायला सांगू नका मला."

मग सर तिथं डाव्या हातानं एकच खालचा स्वर धरून ठेवायला लागले, मामू झांजेवर हलकी काडी चालवायचा, आणि दादा पाणी प्यायचा. पहिल्याच यात्रेत त्याला ती शांतता सहन झाली नाही. तो माइकमध्ये म्हणाला, "इथं गिटार वाजायची. वाजवणारा आता फौजेत हाय." आणि त्यानं नाव सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या गावात त्यानं तेच केलं, तेव्हा यात्रा कमिटीचा एक माणूस स्टेजच्या पायरीवर चढून आला.

"आवं, आमचा बी एक आलाय सुट्टीवर. त्येचं बी नाव घ्या की."

तेव्हापासून तो रिवाज पडला. घाटाचं गाणं मध्यावर आलं की कमिटीचा माणूस स्टेजच्या कडेला येऊन उभा राहतो, वाकून सुट्टीवर आलेल्यांची नावं सांगतो आणि दादा ती माइकमधून म्हणतो. ज्याचं नाव येतं तो बसल्या जागी उभा राहतो. बहुतेकांना हात कुठं ठेवावेत ते कळत नाही. सगळं गाव मान वळवून त्याच्याकडे बघतं. नावं संपली की दादा उजवा खांदा मागं फिरवतो, मामू तो खांदा बघून जोरात उचल घेतो आणि ट्रक पुन्हा घाट चढायला लागतो. किती नावं आहेत हे आधी कुणालाच ठाऊक नसतं. त्यामुळं हे गाणं कधी छोटं होतं, कधी कितीही लांबतं.

गिटारवाल्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्याच्या सुट्ट्या यात्रांच्या हंगामात कधी पडल्या नाहीत. आम्ही त्याला कार्यक्रमांचे व्हिडिओ पाठवायचो, पण पाठवण्याआधी नावांचा भाग कापून टाकायचो. तो गाण्याचा भाग आहे असं आम्हाला वाटतच नव्हतं.

गेल्या वर्षी त्याची नोकरी पूर्ण झाली आणि तो पेन्शन घेऊन परत आला. केस बारीक, पाठ ताठ. कारखान्यावर सुरक्षा विभागात माजी सैनिकांसाठी जागा निघाली होती. तिथं त्याचं नाव जवळजवळ पक्कं होतं, पण पाळी रात्रीची. रात्रपाळी म्हणजे कार्यक्रम बंद. त्यानं कारखान्याकडून यात्रांचा हंगाम संपेपर्यंत मुदत मागून घेतली होती. बँडमध्ये आपलं काम आहे की नाही, हे त्याला तेवढ्यात ठरवायचं होतं. त्यानं ते आल्या दिवशी सांगितलं, पुन्हा कधी त्यावर बोलला नाही.

सराव मामूच्या शेडमध्ये, अर्धवट बांधलेल्या ट्रकच्या हौद्यात बसून. चौथा माणूस आल्यावर काय काय सरकतं, ते बघण्यासारखं होतं. इतकी वर्षं सरांचा डावा हात खालची बाजू सांभाळायचा आणि उजवा बाकी सगळं. आता उजव्याला काम उरलं नाही. सर तो हात मांडीवर ठेवायचे, मग उचलायचे, मग पुन्हा ठेवायचे. मामू सरांच्या डाव्या हाताकडे बघून वाजवायचा. आता तो गिटारकडे बघायला लागला आणि त्याची लय वाढली.

"मामू, ट्रक भरलेला हाय, मोकळा न्हाई," दादा म्हणाला.

"फौजी ढकलतोय मागनं. मी काय करू?"

घाटाचं गाणं आलं. मध्यावर दादा थांबला आणि गिटारवाल्यानं सोलो वाजवला. तसाच, जसा तो कॉलेजात वाजवायचा, फक्त आता एकही सूर घसरत नव्हता. जिथं जिथं बदली झाली तिथं तो हे वाजवत आला होता. कधी बडाखान्याला, म्हणजे पलटणीच्या मोठ्या जेवणाला, साथीदारांसमोर, कधी एकटाच, गिटार नसली तर बोटांनी मांडीवर. सर हसले. मामूनं काडी वर फेकून झेलली. शेडमध्ये कमिटीचा माणूस नसतो आणि कुणाचं नाव घ्यायचं नसतं. आमच्या कुणाच्याही डोक्यात ती गोष्ट आली नाही.

पहिला कार्यक्रम उंब्रजच्या अलीकडच्या एका गावात होता. दिवे लागल्यावर सुरू झाला. घाटाचं गाणं आलं तसा कमिटीचा माणूस ठरल्या जागी येऊन उभा राहिला. पुढच्या रांगांत लोक आधीच माना वळवून कोण कुठं बसलंय ते बघायला लागले होते. दादानं त्या माणसाकडे कान नेला, माइक तोंडाशी आणला, आणि गिटारवाला दोन पावलं पुढं येऊन सुरू झाला.

गिटारचा आवाज पूर्ण होता. सरावात तसाच ठरला होता. दादानं पहिलं नाव घेतलं असावं, त्याचे ओठ हलले. नंतर त्यानं माइक खाली केला. माझं बोट टेबलावरच्या, गिटारचा आवाज कमी-जास्त करायच्या पट्टीवर होतं आणि मी दादाच्या इशाऱ्याची वाट बघत होतो. त्यानं इशारा केला नाही. तो गिटारवाल्याकडे बघत होता. सोलो उत्तम झाला. मागं मोटारसायकलींवर बसलेल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, मोबाईल वर धरले. पुढच्या रांगा गप्प होत्या.

गाणं संपल्यावर एक वयस्क बाई स्टेजपाशी आल्या. मागून त्यांचा मुलगा त्यांचा हात ओढत होता.

"आमच्या पोराचं नाव कवा घेणार?"

"आये, चल. राहू दे की."

"राहू दे कसं? कालच आलाय त्यो. पाव्हणं बोलावल्याती मी."

दादानं लगेच सगळी नावं घेतली. पण गाणं संपलं होतं, खाली स्वर नव्हता, झांज नव्हती. अमुक क्रमांकाची गाडी रस्त्यातून काढावी, अशी सूचना असते तसं ते ऐकू आलं. मुलं उभी राहिली आणि झटकन बसली.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये गिटारवाला सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता.

"मला कुणी सांगितलं का न्हाई?"

"तू इचारलं न्हाईस," मामू म्हणाला.

"काय इचारायचं? माझ्या सोलोत यादी वाचता काय म्हणून?"

"यादी न्हाई रं ती," दादा म्हणाला. "तुझ्यापासनंच चालू झालं हे. पयलं नाव तुझंच घेतलंय मी."

गिटारवाल्यानं मान वर केली.

"आन् मग?"

"मग गावागावांनी आपापली दिली. लय व्हायला लागली. तुझं मागं पडलं."

"म्हंजे यादीतनं कटिंग झालं माझं."

"व्हय. सिनिऑरिटीनं," मामू म्हणाला. हसलं कुणीच नाही, तेव्हा तोच एकटा हसला.

गिटारवाल्यानं गिटार पिशवीत घातली, पण उठला नाही. तो म्हणाला, नावं बंद करा असं मी म्हणणार नाही, मीही त्यातलाच आहे. पण मग माझं हितं काम काय, तेवढं सांगा. तालाला साथ करायला सरांचा उजवा हात पुरेसा आहे. त्याचं म्हणणं बरोबर होतं.

सरांनी कीबोर्ड लावला, खालचा स्वर धरला आणि म्हणाले, "मी तिथं हे करतो. बघ."

"हे तर काहीच न्हाई."

"काहीच नाही. पण नाव चालू असताना हालायचं नाही आणि दादाच्या खांद्यावरून नजर काढायची नाही. तुला पुढं उभं राहून तो खांदा दिसणार नाही."

त्यानंतरचा कार्यक्रम सांगली जिल्ह्यात, विट्याच्या पुढं होता. गिटारवाला स्टेजच्या पुढं न राहता मागं, मामूच्या शेजारी उभा राहिला. मला त्याचा निम्माच चेहरा दिसत होता. घाटाचं गाणं मध्यावर आलं, कमिटीचा माणूस वाकला, दादानं पहिलं नाव घेतलं. एक पोरगा उठला. दादा पुढच्या नावासाठी वाकला, तेवढ्या मोकळ्या वेळात गिटारवाल्यानं सोलोची पहिली ओळ वाजवली. ओळ जरा लांबली आणि दुसऱ्या नावाच्या सुरुवातीवर चढली. दादानं मान न वळवता ते नाव पुन्हा घेतलं. यानंतर मात्र गिटारवाला दर नावाला थांबला. नाव, माणूस उभा राहणं, लोकांच्या माना वळणं, हे सगळं होऊ द्यायचं आणि मग एक ओळ. पुन्हा नाव. पुन्हा एक ओळ.

त्या गावात नावं पुष्कळ होती. सोलो संपला, नावं संपली नाहीत. त्यानं गोंधळून सरांकडे बघितलं. सरांनी हवेत बोट गोल फिरवलं, आणि त्यानं पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली.

हंगामभर मग हे असंच चाललं. दर गावात सोलोची लांबी वेगळी. कुठं चार नावं, तर चौथ्या ओळीवर दादाचा खांदा फिरायचा आणि उरलेला सोलो तसाच राहायचा. एका गावात एकच नाव निघालं. तिथून परत येताना टेम्पोत गिटारवाला म्हणाला, "एवढ्यासाठी केबल ओढायची म्हंजे लयच झालं." पण ती कुरकुर नव्हती. पुढच्या गावात किती असतील, याचा अंदाज बांधणं त्याला आवडायला लागलं होतं. स्टेज लावून झालं की तो गावात चहा प्यायला जायचा आणि कोण कोण आलंय त्याची चौकशी करून यायचा. सरांच्या उजव्या हातालाही काम सापडलं. ते त्या ओळींच्या मागून, अगदी हलक्या आवाजात, एक वरचा स्वर लावायला लागले. कारखान्याला गिटारवाल्यानं फोन केला आणि दिवसपाळी मिळेल का, असं विचारलं. उत्तर आलं नव्हतं.

शेवटचा कार्यक्रम साताऱ्याकडच्या एका गावात झाला. त्या गावात दोन-चार घरं सोडली तर प्रत्येक घरातला एक तरी माणूस फौजेत असतो. त्या आठवड्यात सुट्ट्या रद्द झाल्या होत्या. आलेलेसुद्धा परत गेले होते. गिटारवाला चहा पिऊन आला आणि गिटारचे सूर लावायला बसला.

घाटाचं गाणं मध्यावर आलं. सरांनी खालचा स्वर धरला. कमिटीचा माणूस रिवाजाप्रमाणे स्टेजच्या कडेला येऊन उभा राहिला आणि दादा त्याच्याकडे वाकला. त्या माणसानं नुसता हात हलवला. दादा सरळ झाला. माइक त्याच्या हातात होता. त्यानं खांदा फिरवला नाही, मागं वळून गिटारवाल्याकडे बघितलं.

गिटारवाल्यानं सोलो वाजवला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, न थांबता, मामूच्या शेजारून, पुढं न येता. मी गिटारची पट्टी वर सरकवली नाही. मैदानात कुणी उभं राहिलं नाही आणि कुणाची मान वळली नाही. तो संपल्यावर टाळ्याही वाजल्या नाहीत. मग दादानं खांदा फिरवला आणि मामूनं उचल घेतली.

सामान टेम्पोत चढवताना कमिटीचा माणूस आला. गिटारवाला केबल गुंडाळत होता.

"गिटार लय भारी वाजली, फौजी. तुमीच पुढच्या सालाला बी असणार न्हवं?"

"असणार की."

"पर अशी सलग नगं," कमिटीचा माणूस म्हणाला, आणि खुर्च्या गोळा करायला गेला.