बॅकटिक काढायचा हुकूम

अमेरिकेत, पार्सिपनीतल्या त्या ऑफिसात आमचा मॅनेजर पुण्याचा निघाला, आणि त्याचा मला आनंद झाला होता, हे आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

२००६ सालची गोष्ट. क्लायंट औषधांचा घाऊक व्यापारी. कुठल्या ट्रकमधून काय जायचं याच्या याद्या आमच्या शेल स्क्रिप्ट्स, म्हणजे शेल नावाच्या प्रोग्रॅमने ओळीने चालवायच्या कमांड्सच्या फायली, रोज पहाटे काढायच्या. स्क्रिप्ट्स जुन्या होत्या. एका कमांडचं उत्तर दुसरीत घालायला पहिलीच्या दोन्ही बाजूंना बॅकटिक, म्हणजे कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातलं ते तिरकं चिन्ह. नव्या पद्धतीत त्याऐवजी डॉलर आणि कंस येतात. वाचायला सोपं पडतं, मीही तसंच लिहायचे. पण साहेब कुठल्याशा ट्रेनिंगमध्ये हे ऐकून आले आणि उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. सगळ्या स्क्रिप्ट्स शुक्रवारपर्यंत मॉडर्न करून हव्यात.

"वेअरहाउसच्या जुन्या सर्व्हरवरच्या शेलला हे डॉलर-कंस कळतच नाही," मी म्हटलं. "आधी तिथे टेस्ट करू दे."

"अगं, माझ्या लॅपटॉपवर रन झालंय. कशाला टेन्शन घेतेस यार?" मग हसून, "आणि तुझ्या व्हिसा एक्स्टेन्शनचे पेपर्स माझ्याकडेच आहेत. मी साइन करतो ना."

धमकीच होती ती, साखरेत घोळलेली. माझ्या व्हिसावर आमचं सगळं बिऱ्हाड उभं होतं, नवरा आणि मुलीची शाळा धरून. मी बदल केले.

सोमवारी जुना सर्व्हर पहिल्याच कंसाला 'सिंटॅक्स एरर' म्हणून अडून बसला. एकही यादी निघाली नाही. ट्रक भरायचे खोळंबले आणि क्लायंटच्या डायरेक्टर बाईंनी मीटिंग लावली. आत जाण्याआधी हा मला कॉरिडॉरमध्ये गाठून म्हणतो, "आपल्यातलं आपल्यात ठेवू. तू टायपिंग मिस्टेक म्हण, मी सांभाळून घेतो."

म्हणजे अक्कल याची आणि टायपिंग माझं! संतापाने माझे कान तापले. याला काय मी टायपिस्ट वाटले होते?

मीटिंगमध्ये मी सरळ सांगितलं, की हे बंद पडणार हे मी आधीच बोलले होते.

बाईंनी चष्मा काढला. "मग तू का केलंस?"

त्या प्रश्नाचा मला सगळ्यात जास्त राग आला, कारण तो रास्त होता. "कारण माझा व्हिसा याच्या सहीवर आहे," मी म्हटलं.

तो माझ्याकडे झुकून मराठीत पुटपुटला, "घरातलं बाहेर काढायची काय गरज होती?"

"कुणाच्या घरातलं?" मी विचारलं, तेही इंग्रजीत, सगळ्यांना कळेल असं.

सही त्याने केली नाही.