रुचिकानं नेलेलं पुस्तक

नाचणगावात जागृती थूलला कोणी जागृती म्हणत नाही. लहानापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांची ती मॅडम. बावीस वर्षांपासून उजेड वाचनालय सांभाळते. सकाळी आठला कुलूप उघडायचं, टेबलं पुसायची, पेपर लावायचे आणि दारातल्या फळ्यावर खडूनं सुविचार लिहायचा. सुविचार ती स्वतः जुळवते, आणि बाई भारी कडक जुळवते. 'पुस्तक वेळेवर परत करावे, चूक त्याहून लवकर कबूल करावी.' असले. लिहायला काय जातं म्हणा!

वाचनालय काढलं तिच्या वडिलांनी, प्रेमदास थूल यांनी. गिरणीतले कामगार. लहानपणी त्यांना एका वाचनालयात आत घेत नसत, म्हणून ते खिडकीबाहेर उभं राहून दुसऱ्यानं मोठ्यानं वाचलेला पेपर ऐकायचे. मोठेपणी लोखंडी पेटीभर पुस्तकं जमवली आणि दारावर रंगवून घेतलं: 'आत या, बसा, वाचा.' नाव-पत्ता विचारू, असं त्यात कुठंच नव्हतं. पुढं संस्था नोंदली, नियम आले. पुस्तक घरी न्यायचं तर आधार कार्ड पाहिजे, पक्का पत्ता पाहिजे. पाटी मात्र तीच राहिली.

त्या पाटीखालून चार वर्षांपूर्वी बंडूजी आत आले. साठीचा माणूस. लग्नाकार्यात आचाऱ्याच्या हाताखाली मोठाले गंज, म्हणजे स्वयंपाकाची पातेली, घासायचं काम. सीझन असला की गावोगाव, नाहीतर पुलगावात एका टिनाखाली मुक्काम. घर नाही, बायको-लेकरं नाहीत, आधार कार्ड कधीच हरवलेलं. मागं तीन बेवारस कुत्री: लाली, बारकी आणि एका कानाचा फौजदार. लग्नातलं उरलंसुरलं खाऊन तिघंही बंडूजींपेक्षा गुबगुबीत. एकटे राहतात म्हणून गावातले पोट्टे त्यांना 'लांडगा' म्हणायचे. ते रागवायचे नाहीत.

सात नंबरच्या कपाटात तळाला सहा पुस्तकं होती, वनखात्यातून निवृत्त झालेल्या कोणा साहेबाच्या घरून आलेली. एक लांडग्यावर, एक रानकुत्र्यांवर, तीन गावठी अन् मोकाट कुत्र्यांच्या गोष्टींची, आणि एक कादंबरी, घर सोडून आयुष्यभर भटकलेल्या माणसाची. बंडूजींनी सहाही एकाच बिरादरीची ठरवली. "हा बी लांडगाच हाय मॅडम," कादंबरीवर बोट ठेवून ते म्हणाले, "दोन पायाचा."

सभासद होता येत नव्हतं, म्हणून ते तिथंच बसून वाचायचे. खिडकीजवळची खुर्ची, ओळीखाली बोट, ओठ हलताहेत. कुत्री बाहेर पायरीवर. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, दिवसाला चार पानं, फार तर पाच. पाच पुस्तकं अशी संपवली. सहावं लांडग्याचं, सगळ्यात जाड. कळप सोडून निघालेला एक लांडगा माळ, नद्या, रस्ते ओलांडत चाललाय, एवढीच गोष्ट. पण बंडूजी जाता जाता मॅडमला बातमी द्यायचे. "आज नदी उतरला." "आज पायात काटा गेला त्याच्या." एकदा म्हणाले, "लोकं म्हणते, एकटा लांडगा वाईट असते. खोटं हाय. तो आपली जागा पाहाले निघते, लिवलं हाय पुस्तकात." मॅडम हूं हूं करायची आणि कार्डं लावत राहायची. खोटं कशाला सांगू, तिनं त्या सहांतलं एकही पुस्तक उघडून पाहिलं नव्हतं.

मागच्या फेब्रुवारीत तपासणी आली. कपाटं भरून नवी पुस्तकं जमिनीवर पडली होती. अध्यक्ष हिरालालजी म्हणाले, "पाच वर्षांत कोणी नेली नाहीत ती बाद करा. यादी आणा, सही करतो." जागृतीनं देवघेवीचं रजिस्टर काढलं. सहाही पुस्तकांपुढं कोरं. कोरं असणारच! सभासद नसलेल्या माणसानं खुर्चीवर बसून वाचलेलं रजिस्टरला दिसतं कुठं? तिला दिसत होतं. रोज दिसत होतं. तरी हात थांबला नाही. लगीनसराई होती, बंडूजी पंधरा दिवसांपासून आले नव्हते, आणि तिला यादी लवकर उरकायची होती. बाद पुस्तकावर तसा शिक्का मारावा लागतो, तोही घाईत राहिला. चार पोती पुलगावच्या रद्दीवाल्याकडे गेली. तपासणी झकास झाली आणि हिरालालजींनी सर्वांसमोर तिचं कौतुक केलं.

तीन दिवसांनी बंडूजी आले. सात नंबरच्या कपाटापुढं उकिडवे बसले आणि बसूनच राहिले.

"मॅडम, आपली पुस्तकं कुठं गेली?"

त्या 'आपली'नंच तिची जीभ अडखळली. "बाइंडिंगला दिलीत."

"लांडग्याचं बी? माह्यी वीसेक पानं राह्यली होती."

आता खरं सांगायला काय झालं होतं? दोन शब्दांचं काम. पण समोर तो चेहरा, आणि ती म्हणून बसली, "ते एका मुलीनं नेलं वाचायला. रुचिका म्हणून आहे."

बंडूजी एकदम उठून उभे राहिले. "पोट्टीनं नेलं? लांडग्याचं? अरे बाप्पा!" माणसाला इतका आनंद झाला की काही विचारू नका. "केवढी हाय?"

"सातवीत."

"हळूहळू वाचू द्या तिले. घाई करू नोका. अन् तिले सांगजा, काटा गेला तिथं घाबरू नोको, लांडगा मरत नाई तिथं."

दुसऱ्याच दिवशी जागृती रद्दीवाल्याकडे धावली. तो तराजूजवळ उभा होता. म्हणाला, "माल कवाचाच गेला मॅडम, कागदाच्या मिलले." ती तशीच परत आली.

मग सुरू झालं रोजचं. बंडूजी कधीच 'पुस्तक आलं का' विचारायचे नाहीत. विचारायचे, "रुचिकाचं झालं का?" ती म्हणायची, परीक्षा आहे तिची. नंतर म्हणायची, मामाच्या गावी गेली. एका खोट्याला टेकू द्यायला दुसरं, त्याला तिसरं. तिला जेवण गोड लागेना. सकाळी फळ्यावर सुविचार लिहिताना हात जड व्हायचा, आणि बापाच्या पाटीकडे तर ती मान वर करून बघेचना. लाज वाटायची तिला, सरळ लाज. उद्या सांगू, उद्या सांगू करत एप्रिल गेला. मग बंडूजींनी विचारणंच बंद केलं. यायचे, पेपर चाळायचे, जायचे. विसरले बुवा एकदाचे, असं तिला वाटलं आणि बरंसुद्धा वाटलं. त्या बरं वाटण्याची तिला आज किळस येते.

मे महिन्यातला रविवार. वाचनालयात दहा-बारा माणसं होती, हिरालालजीही होते. बंडूजी आत आले, सात नंबरच्या कपाटाशी गेले आणि पिशवीतून काहीतरी काढून तळाच्या फळीवर सरकवू लागले.

"ए! काय काढून राह्यला बे?" हिरालालजी ओरडले.

"काढून नाई साहेब, ठेवून राह्यलो."

हिरालालजींनी पुस्तक हातातून ओढलं. कॅलेंडरच्या कागदाचं नवं कव्हर, आत वाचनालयाचा शिक्का. "अन् तुह्याजवळ आलं कुठून? तू तर मेंबर नाईस."

बंडूजींनी तोंड उघडलं. एकदा जागृतीकडे पाहिलं. तोंड मिटलं.

"मॅडम, तुम्ही दिलं होतं का याला?"

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. तिला पुस्तक ओळखू आलं, ते रद्दीतूनच आलं असणार हेही कळलं. एवढं कळूनही ती काय म्हणाली?

"रजिस्टर पाहावं लागेल."

बस्स. तेवढ्यानं झालं. कोणी म्हणालं, वाचायला येते म्हणे, चोर कुठचा. कोणी हसलं. हिरालालजी म्हणाले, "पुन्हा इथं पाय ठेवशील तर याद राख." बंडूजी पिशवी उचलून बाहेर पडले. पायरीवरची कुत्री उठली आणि त्यांच्या मागं चालू लागली. जागृतीनं रजिस्टर उघडलं सुद्धा, मेलं! कोऱ्या पानावर बोट फिरवत ती तशीच बसली.

संध्याकाळी तिनं ते पुस्तक हातात घेतलं. कव्हर शिजवलेल्या कणकेच्या चिक्कीनं नीट चिकटवलेलं. वर वेड्यावाकड्या अक्षरात 'लांडगा' आणि खाली वाचनालयाचा नंबर, जसाच्या तसा उतरवलेला. तिला रडू फुटलं. दुसऱ्या दिवशी तिनं हिरालालजींच्या घरी जाऊन चिठ्ठी दिली, सगळं कबूल करून. त्यांनी वाचली, घडी करून खिशात घातली. म्हणाले, "जाऊ द्या, आता कायले वाढवता. तो काही फिर्याद करणार हाय का?"

पुलगावात टिनाखाली कोणी नव्हतं. ती रद्दीवाल्याकडे गेली. "बंडूजी? तो अल्लीपूरले गेला, लग्नाच्या कामाले. माह्या तराजूच्या पायाखाली एक जाडं पुस्तक लावलं होतं, ते मागून नेलं त्यानं मागच्या महिन्यात. त्याच्या बदल्यात वीट आणून देल्ली." म्हणजे ती आली तेव्हा पुस्तक तिथंच होतं, तिच्या पायापासून हातभर. तिनं खाली पाहिलंच नव्हतं.

अल्लीपूरला मंगल कार्यालयाच्या मागं बंडूजी भलामोठा गंज राखेनं घासत होते. लाली शेपटी हलवत आली, फौजदार गुरगुरला.

"मॅडम? तुम्ही इथं काऊन?"

"बंडूजी, त्या दिवशी तुम्ही सांगितलं का नाही? रद्दीवाल्याकडून आणलं म्हणून?"

"कसं सांगू?" ते हात न थांबवता म्हणाले. "रुचिकाचं नाव आलं असतं ना. तिच्या घरच्याईनं रद्दीत घातलं असन, तिले का समजते? साहेबानं तिचं वाचनालय बंद केलं असतं. म्हणून म्हटलं, गुपचूप ठेवून देऊ. माह्यं काय, मले तसंबी लांडगाच म्हणते."

 जागृती तिथंच विटेवर बसली.

"बंडूजी, रुचिका नाहीच. कोणी नाही त्या नावाचं. पुस्तकं मी रद्दीत दिली, सहाही. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून ते नाव मी रचलं."

घासणारा हात थांबला. 

"म्हंजे तिले कोणी मारलं नाई घरी?"

"नाही."

"बरं झालं बाप्पा," ते म्हणाले, आणि खरंच त्यांच्या तोंडावर हसू आलं. "माह्या जिवाले लय घोर होता."

शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या तिनं. ती पदर तोंडाशी धरून रडली. मग पर्समधून सभासद कार्ड काढलं. नाव बंडूजी, पत्ता 'उजेड वाचनालय, नाचणगाव'. त्यांनी हात धुतले, कार्डावर बोट फिरवत सगळं वाचलं, पत्ता दोनदा वाचला आणि परत दिलं.

"साहेबाले सांगतलं तुम्ही?"

"चिठ्ठी दिली लिहून."

"मले चिठ्ठीत नाई म्हणले होते चोर," बंडूजी म्हणाले. आवाजात राग नव्हता. "सर्वाईसमोर म्हणले." आणि ते पुन्हा गंजाकडे वळले.

पुस्तक तिनं पुढं केलं. त्यांनी मान हलवली. "माह्यं झालं वाचून. तुम्ही वाचलं का?"

तिनं पुस्तक मागं घेतलं. "वाचून घ्या मंग," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला जागृतीनं फळा ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसला आणि सुविचाराच्या जागी लिहिलं: 'बंडूजींनी पुस्तक चोरले नाही. ते मी रद्दीत विकले होते. त्यांना मी खोटे सांगितले आणि त्यांना चोर म्हटले तेव्हा मी गप्प बसले. ज. प्रे. थूल, ग्रंथपाल.' बापाच्या नावाचं 'प्रे' लिहिताना खडू मोडला. तिनं दुसरा घेतला.

गावात बोभाटा झाला. येणारा जाणारा दारात थांबून वाचायचा आणि आत तिच्याकडे बघायचा. हिरालालजी तणतणत आले. संस्थेची अब्रू काढली, नोकरीवरून काढू म्हणाले, यादीवर सही माझी आहे हे तरी ध्यानात घ्यायचं होतं म्हणाले. तिनं डस्टर ड्रॉवरमध्ये ठेवून ड्रॉवरला कुलूप लावलं. खडू पुसट झाला की ती त्याच अक्षरांवरून पुन्हा गिरवते. खिडकीजवळच्या खुर्चीवर बसून आता ती लांडग्याचं पुस्तक वाचते, दिवसाला चार पानं. पायरीवर काही हललं की मान वर करते.

परवा हिरालालजी पुन्हा आले. या खेपेला आवाज नरम होता. "मॅडम, महिना झाला. सर्वांनी वाचलं आता. पुसून टाका ना."

"नाही पुसणार," जागृती म्हणाली. "ज्याच्यासाठी लिहिलं, त्यानं अजून वाचलं नाही."