सोलकढीचा रंग

माणसाच्या चेहऱ्याआधी कुत्र्याच्या हिरड्या बघणारा गृहस्थ जगात एकच असेल, आणि तो माझ्या बायकोचा मामा निघावा हे माझं नशीब. लालबागच्या चाळीत राहणारे हे मामा गिरणीच्या रंगखात्यात होते. गिरणी गेली, रंगाची नजर राहिली, ती कुत्र्यांच्या तोंडात शिरली. वाटेत कुठलंही कुत्रं भेटो, मामा त्याचा ओठ वर करून निकाल देणार. त्यांच्या लेखी रंग दोनच: सोलकढी म्हणजे ठीक, नुसतं नारळाचं दूध म्हणजे पोटात जंत. गेल्या वर्षी दादरला माझ्या साहेबांच्या घरी, चहा यायच्या आत, त्यांनी तिथल्या गुबगुबीत लॅब्रॅडॉरचा ओठ उचलला आणि म्हणाले, "साहेब, ह्याच्यात आमसूल कमी पडलंय." मला तिथे तोंड लपवायला जागा नव्हती. आठवड्याने साहेबांचाच फोन आला. कुत्र्याची तपासणी झाली होती, आणि त्यांना मामांचा नंबर हवा होता.

हे वेड लागलं ते राणीमुळे. राणी म्हणजे मामांच्या चाळीतल्या सगळ्या मजल्यांची मिळून एक कुत्री. तीन वर्षांपूर्वी तिची चारही पिल्लं पंधरा दिवसांत गेली. कुणी नजर लागली म्हणालं, कुणी वरचं दूध बाधलं म्हणालं. मामांनी मात्र राणीचा 'नमुना' तपकिरीच्या डबीत भरून परळच्या जनावरांच्या दवाखान्यात नेला. बसमध्ये शेजारच्याने चिमूटभर मागितली तेव्हा, "आज जरा ओली आहे," एवढंच म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हे हुकवर्म. आतड्याला चिकटून रक्त पितात, त्याने हिरड्या पांढऱ्या पडतात, आणि आईच्या दुधातून पिल्लांत उतरतात. मामा त्या दिवशी जेवले नाहीत. "इतकी वर्सां रंग वळाखलंय, आणि समोरचो पांढरो माका दिसलो नाय," असं स्वतःशीच म्हणत बसले.

यंदा राणी पुन्हा व्याली, आणि चाळीत मामांचं राज्य आलं. अंगणातला ओल्या वाळूचा ढीग, ज्यावर राणी झोपायची, तो हलला. ह्या जंतांच्या अळ्या ओल्या मातीतून तळपायातही शिरतात म्हणून अनवाणी दिसणाऱ्याला घरी पाठवून चपला घालायला लावण्यात आलं. चाळीच्या फळ्यावर पाण्याच्या वेळेखाली पिल्लांच्या औषधाच्या तारखा लागल्या. "एकदा दिलं ना औषध, आता कशाला?" असं तळमजल्याच्या वहिनी म्हणाल्या तर मामांनी त्यांना पाऊण तास आतड्यांविषयी सांगितलं. तीनपैकी दोन पिल्लं बाळसेदार झाली. काळ्या पाठीचं धाकटं मात्र अर्ध्या आमसुलावरच अडलं होतं. येताजाता सगळी चाळ त्याचाच रंग विचारायची.

तिसऱ्या डोसाच्या सकाळी मी गेलो तेव्हा धाकटं मामांच्या मांडीवर होतं. ओठ वर केलेला, आणि मामा त्याला एकदा डोळ्यांजवळ नेत होते, एकदा लांब धरत होते. मग हळूच म्हणाले, "जावईबापू, तुम्ही बघा जरा. मला हल्ली सगळंच दूध दिसतं."

मोतीबिंदू त्यांनी घरात कुणालाच सांगितला नव्हता.

आजवर कुत्र्याला हातही न लावलेल्या मी तो चिमुकला ओठ उचलला.

"गुलाबी आहे, मामा."

"कसलं गुलाबी? नीट सांगा."

मी पिल्लाला खिडकीपाशी नेलं. "दोन आमसुलांची सोलकढी."

"पातळ की दाट?"

"दाट."

मामांनी चष्मा काढला आणि उगाचच पुसत राहिले.

आता फळ्यावर चौथ्या डोसाखाली मामांच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख आहे. ती मी लिहिली आहे, मोठ्या अक्षरात. पट्टी सुटली की पहिल्यांदा काय बघायचं हे त्यांनी ठरवून ठेवलंय. त्यात आम्हा माणसांपैकी कुणाचाही नंबर नाही, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.