देवाजीची फर्माइश

आमच्या तालुक्याचं छोटंसं रेडिओ केंद्र मी एकट्यानं बंद पाडलं.

आज शेजारच्या अंगणात वाळत घातलेल्या मोहफुलांचा वास आला आणि देवाजीची कार्डं आठवली. गाण्यांच्या फर्माइशीची ती कार्डं तो मोहफुलांच्या टोपल्यात ठेवायचा, म्हणून त्यांना तोच गोड, आंबूस वास असायचा.

याच देवाजीनं मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेतल्या, नाटकातून मला काढलं होतं. सगळ्यांसमोर म्हणाला होता, "तू राजा नाई दिसत गा, राजाचा घोडा दिसते."

मग काय, मी केंद्रावर निवेदक झाल्यावर दर आठवड्याला त्याचं कार्ड आलं की मी ते चवीचवीनं बारीक फाडायचो आणि माइकवर फर्माइश करणाऱ्यांची मनानंच रचलेली नावं वाचायचो. तिकडे तो रेडिओला कान लावून बसला असेल, या विचारानं अंगावर मूठभर मांस चढायचं. खरं सांगतो, आजही लाज कमी आणि सुखच जास्त आठवतं.

एक दिवस केंद्र चालू ठेवायचं की नाही, हे ठरवायला मोठे साहेब आले. म्हणाले, "श्रोत्यांची पत्रं दाखवा." पेटीत एकही नव्हतं.

साहेब गेल्यावर मशीन सांभाळणाऱ्या शांताबाई म्हणाल्या, "भाऊ, अख्ख्या तालुक्यात आपल्याले एकच माणूस ऐकत होता, अन् तुमी त्याच्यावरच सूड काढून राह्यले होते."